काठी आडवी, पण सरळ

गेल्या अंकात दोरखंडांविषयी लिहिताना जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की होडी पाण्यात असताना जेवढी झिजते त्याहून जास्त ती ठेवून दिलेली असताना खराब होते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तेही नागपुरातून, जिथून सगळ्यात जवळचा समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. नौदलात शिपराइट, म्हणजे जहाजांचा सुतार, म्हणून आयुष्य गेलं आणि म्हातारपण त्रिमूर्तीनगरात. त्यामुळे डोलकाठी हा विषय बोलायला मला इथं माणूस सापडत नाही. या वेळी सापडले आहेत, तेव्हा थोडं लांबण लागेल.

प्रश्न: आमचा मुलगा टोरांटोला असतो. गेल्या वर्षी त्यानं २७ फुटी जुनी शिडाची होडी घेतली, ऑन्टारिओ सरोवरात चालवतो. ऑक्टोबरात तिथं सगळ्या होड्या क्रेननं बाहेर काढून ठेवतात. डोलकाठी उतरवायचे पैसे मात्र वेगळे. तो म्हणतो उतरवू. सूनबाई म्हणते, शेजारच्यांची उभीच असते, उगाच खर्च कशाला. आम्ही दोघं ऑक्टोबर ते एप्रिल तिकडेच आहोत. आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, हातात पाना असल्याशिवाय त्यांना करमत नाही. त्यांना काय काम सांगावं? आणि वसंतात काठी पुन्हा उभी करताना तिच्याखाली चांदीचं नाणं ठेवायचं माझ्या मनात आहे. चालेल ना?
— एक वाचक भगिनी, बजाजनगर

उत्तर: ताई, सूनबाईंना दुखवायचं नाही, पण माझं मत मुलाच्या बाजूनं. पैसे जायचे ते जाऊ द्या, काठी उतरवा. दरवर्षी नाही जमलं तर निदान या पहिल्या वर्षी तरी उतरवाच, कारण होडी जुनी आहे आणि वरच्या टोकाला काय चाललंय ते तुमच्या मुलानं अजून जवळून पाहिलेलंच नाही. पस्तीसेक फूट उंचीवरचा गंज खालून दिसत नाही.

आपल्याला नागपुरात बसून तिथला धोका पटकन कळत नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे स्वेटर आणि हुरडा. तिकडे गोठतं. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, आणि फुगताना ते समोर लोखंड आहे की अल्युमिनियम हे बघत नाही. डोलकाठी आतून पोकळ असते. वरच्या पुलीतून, दोऱ्या बाहेर पडायच्या फटींतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि खाली उतरतं. तळाशी ते निघून जायला एक बारीक भोक असतं. ते भोक पानं, धूळ, मेलेल्या माश्या यांनी बुजलं, की काठीच्या बुडाशी वीतभर पाणी साचून राहतं. जानेवारीत उणे वीसची रात्र आली की त्याचा बर्फ होतो आणि काठी बुडाशी उभी फाटते. फ्रीजरमध्ये विसरलेली सरबताची काचेची बाटली पाहिली असेल तुम्ही. तसंच.

हेच तारांच्या टोकांना होतं. काठीला चारी बाजूंनी ज्या स्टीलच्या तारा उभं धरतात, त्यांची टोकं एका नळीवजा तुकड्यात दाबून बसवलेली असतात. वरच्या टोकाची नळी खाली तोंड करून असते, तिचं भागतं. खालच्या टोकाची नळी पेल्यासारखी वर तोंड करून असते. तारेवरून ओघळलेलं पाणी पीळपिळातून थेट तिच्या पोटात. गोठलं की नळीला केसाएवढी उभी चीर. ती चीर हिवाळ्यात काही करत नाही. पुढच्या जुलैत, वारा भरलेला असताना, करते.

म्हणून उतरवा. शिवाय जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवलेल्या होडीवर उभी काठी म्हणजे वाऱ्याला धरायला दिलेली मूठ. उभी ठेवायचीच झाली, तर गुंडाळलेलं पुढचं शीड तारेवर तसंच सोडू नका. वादळात ते सुटलं तर सबंध होडी आडवी करू शकतं.

आता तुमच्या साहेबांचं काम. त्यांना सांगा, हे सगळं तुमच्या ओळखीचं आहे. विजेच्या खांबाला कोपऱ्यावर ताण द्यायला जी स्टे वायर असते आणि तिला खाली जे पिळायचं टर्नबकल असतं, तेच इथं आहे, फक्त सहा-सात ठिकाणी आणि चकचकीत. काठी उतरवायच्या आदल्या दिवशी त्यांनी वही-पेन्सिल आणि टेप घेऊन होडीवर जावं. प्रत्येक टर्नबकलचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजून लिहावं, शेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढावा, प्रत्येक तारेला कापडी पट्टी बांधून त्यावर ‘डावी वरची’, ‘डावी खालची’ असं लिहावं. मराठीत लिहिलं तरी चालेल, क्रेनवाल्याला त्याच्याशी घेणं नाही. पण हे न करता टर्नबकलं सोडली, तर एप्रिलमध्ये काठी सरळ उभी करण्यात दोन दिवस आणि घरातली शांतता दोन्ही जातील. काठीच्या बुडाशी दिव्याच्या आणि रेडिओच्या वायरी असतात, त्या आधी सोडवायच्या. क्रेन उचलायला लागल्यावर वायर आठवली, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं.

काठी खाली आली की ती ठेवायची कशी? आडवी, पण सरळ. दोन टोकांना दोन घोड्या लावून मधे पोट लोंबू द्यायचं नाही. एवढ्या लांबीला पाच आधार द्या, सगळे एका पातळीत, प्रत्येकावर जुन्या गालिच्याचा तुकडा. मग बुडाशी वाकून एक डोळा मिटून शिडाच्या खाचेवरून टोकापर्यंत नजर लावायची, सुतार फळी बघतो तशी. खाच सापासारखी दिसली तर आधार खालीवर करायचे. सहा महिने वाकडी पडून राहिलेल्या काठीला ताण देऊन सरळ करण्यात जन्म जातो.

तारा काठीला गुंडाळून बांधून ठेवू नका, सगळेच ठेवतात तरीही. ओल्या अल्युमिनियमवर स्टील महिनोन्महिने टेकून राहिलं की दोघांत बॅटरीसारखा व्यवहार सुरू होतो आणि त्यात नेहमी अल्युमिनियमचं नुकसान होतं. पांढरी भुकटी आणि खाली खड्डे. तारा काढा, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, घरात न्या. लहान वेटोळं केलंत तर तार मोडून बसते.

त्या घरात आणलेल्या तारा हे हिवाळ्यातलं खरं काम. बाहेर बर्फ पडतोय, साहेबांना करमत नाही, एवढी एक तार मांडीवर. आणि त्यासाठी इथून जाताना एक वस्तू न्या: कापूस. आपल्या विदर्भातला, साधा, पिंजलेला. चिमूटभर कापूस तारेवर हलक्या हातानं धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचा. तारेतला एखादा धागा तुटला असेल तर तो डोळ्याला दिसणार नाही, पण कापसाचा तंतू तिथं अडकून राहील. बोट फिरवू नका, तुटलेला धागा बोट चिरतो. जिथं कापूस अडकला ती तार संपली. १९ धाग्यांपैकी एकच तुटलाय, अठरा आहेत की, असा हिशेब करायचा नाही. बाकीच्या अठरांचं वयही तेवढंच आहे. तार जिथं नळीत शिरते तिथं भिंगातून बघा. तांबूस ओघळ, केसाएवढी रेघ, नळीला केळ्यासारखा बाक, यातलं काहीही दिसलं तर ती तार बदला. तारांचं वय दहा-पंधरा वर्षांच्या पुढं गेलं असेल आणि आधीच्या मालकाला कधी बदलल्या ते सांगता येत नसेल, तर कापूस अडको न अडको, सगळ्याच बदलायचा विचार करा.

टर्नबकलांबद्दल मात्र मला माझीच फजिती सांगावी लागेल. नोकरीत नवा असताना कोचीला आमच्याकडे सरावाची एक छोटी शिडाची होडी होती. पावसाळ्यापूर्वी ती ठेवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक टर्नबकल काळ्या इन्सुलेशन टेपनं असं गुंडाळलं, की बघणाऱ्यानं म्हणावं वा. थेंब आत जाणार नाही. चार महिन्यांनी वरिष्ठांसमोर टेप सोडायला घेतली. आतून तपकिरी पाणी ठिबकलं. आट्यांत टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडलेले, आणि पाना लावून अर्धा पीळ दिला तर बोल्ट गाजरासारखा मोडला. ‘स्टेनलेस’ म्हणजे डाग न पडणारं, या समजुतीला माझ्यासमोर डाग पडला. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अदृश्य थर असतो म्हणून, आणि तो थर ओरखडला तर पुन्हा धरायला हवेतला ऑक्सिजन लागतो. मी टेपच्या आत खारट ओल कोंडली आणि हवा बाहेर ठेवली. याहून चोख गंज पाडायची कृती नाही. तो मोडका बोल्ट अजून माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात आहे.

तेव्हा साहेबांना सांगा: जुनी टेप असेल ती सगळी ओरबाडून काढा, गोड्या पाण्यानं धुवा, सुकवा, आट्यांना लॅनोलिन (लोकरीची चरबी) किंवा ग्रीस लावा. स्टेनलेसच्या आट्यावर स्टेनलेसचा आटा कोरडा फिरवला तर दोन्ही एकमेकांत असे जाम होतात की कापावे लागतात. मग मांजरपाटाच्या पिशवीत घालून खुंटीला टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत नाही. हेच काठीलाही लागू: वरून उतरतं छप्पर करा, बाजूंनी मोकळं. पण प्लास्टिकमध्ये पुडकं बांधल्यासारखी गुंडाळू नका. आत घाम धरतो.

शीड वर चढवायच्या दोऱ्या काठीच्या पोटातून जातात. त्या सबंध हिवाळा आत ठेवून थिजवू-भिजवू नयेत, बाहेर काढून धुवाव्यात. पण ओढून मोकळ्या झालात की पुन्हा आत घालायच्या कशा? लेंग्याची नाडी बदलताना आपण काय करतो? जुन्या नाडीच्या टोकाला नवी शिवतो आणि मग ओढतो. तसंच दोरीच्या टोकाला स्वस्तातली बारीक सुतळी सुई-दोऱ्यानं शिवायची, गाठ मारायची नाही, गाठ पुलीत अडकते. दोरी बाहेर, सुतळी आत. दोन्ही टोकं बांधून ठेवायची. दोऱ्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून वॉशिंग मशीनमध्ये थंड पाण्यात, सौम्य साबण. ब्लीच नको, ड्रायर नको. सूनबाईंना आधी विचारा.

आणि काठी उभीच ठेवायचं घरात ठरलं, तर एक लक्षात ठेवा. अल्युमिनियम थंडीत स्टीलपेक्षा जास्त आखडतं. उन्हाळ्यातल्या २५ अंशांवरून उणे २० पर्यंत गेलं तर ११ मीटरची काठी साधारण ११ मिलिमीटर आखूड होते, तारा मात्र आठच. म्हणजे जानेवारीत तारा ढिल्या वाटणारच. साहेबांचा हात शिवशिवेल, पण त्या वेळी ताणायच्या नाहीत. तेव्हा ताणल्या तर जूनमध्ये तीच काठी वाढून होडीच्या पोटाला रेटा देईल. ढिल्या दोऱ्या मात्र काठीपासून दूर खेचून बांधा. रात्रभर टण्-टण् वाजून शेजारच्यांची झोप जाते आणि काठीवरचा थरही.

राहिलं नाणं. तुमच्या मनात आलं ते फार जुनं आहे ताई. लंडनला टेम्स नदीच्या गाळात १९६२ साली एक रोमन काळातलं जहाज सापडलं, त्याच्या डोलकाठीच्या खोबणीतही नाणं ठेवलेलं होतं. पण त्यांची काठी लाकडाची होती. अल्युमिनियमच्या काठीखाली चांदी किंवा तांबं ठेवलंत की वर सांगितला तोच बॅटरीचा व्यवहार. पूजा करा, नारळ फोडा, नाणं मात्र केबिनमध्ये चार्ट ठेवायच्या टेबलाखाली चिकटवा. काठीच्या बुडाशी हात घालायचाच तर त्या बारीक भोकात तार फिरवून ते मोकळं आहे ना ते बघा.

प्रश्न: आम्ही चार मित्रांनी मिळून गोव्याहून जुनी एंटरप्राइज डिंगी (छोटी शिडाची होडी) आणली आहे. यूट्यूबवर सगळे सांगतात की हिवाळ्याआधी मास्ट (डोलकाठी), रिगिंग (तारा-दोऱ्या) सगळं काढून पॅक करा. आम्ही डिसेंबरमध्ये करायचं का? गच्चीवर जागा आहे.
— चौघांच्या वतीनं एक, मनीषनगर

उत्तर: काहून? डिसेंबरात कोणी पॅक करतं का! आपला हिवाळा म्हणजे चालवायचे दिवस. पाणी भरलेलं, ऊन कोवळं. यूट्यूबवर सांगतात ते ज्यांच्या तलावावर बर्फ धरतो त्यांना. आपला शत्रू मार्चअखेर येतो, नवतपात डोक्यावर बसतो आणि जूनमध्ये पाण्याचं रूप घेऊन पुन्हा येतो. तुमचं पॅकिंग एप्रिलच्या सुरुवातीला.

बाकी तत्त्व उलटं होत नाही, फक्त पारडं फिरतं. वर ताईंना थंडीत तारा ढिल्या होतात म्हणून लिहिलं. आपल्याकडे उन्हात घट्ट होतात. तुमची अल्युमिनियमची काठी वीसेक फुटांची असेल. जानेवारीच्या दहा अंशांवर नीट ताणलेल्या तारा, आणि मेमध्ये उन्हात धातू साठ अंशांपर्यंत तापला, तर काठी तारांपेक्षा दोन मिलिमीटर जास्त वाढते. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. जुन्या डिंगीच्या पोटातले जिथं तारा बांधलेत ते सांधे बघा आणि मग ठरवा. उन्हाळ्यात काठी उभी ठेवायची नाही, आणि डिंगीची तर दोन जणं सहज उतरवतात.

गच्चीचं मात्र सांगतो. मीही पहिल्या वर्षी माझ्या होडीच्या काठीसाठी गच्चीच ठरवली होती. खाली गल्लीत पोरं जमली, शेजारचे म्हणाले, “काकाजी, पाण्याचा पाईप एवढा लंबा काहून चढवून राहिले?” मी हसलो आणि काठी उभी करून वर द्यायला लागलो. तेवढ्यात शेजारचेच ओरडले. डोक्यावरून विजेची तार गेली होती आणि काठीचं टोक तिच्यापासून हातभर. अल्युमिनियमची काठी, ओल्या हातात. आजही आठवलं की तळहाताला घाम येतो. मित्रांनो, काठी उचलायच्या आधी मान वर करून बघा. गल्लीत, गच्चीवर आणि तलावाच्या काठावरसुद्धा. ११ केव्हीच्या तारेला काठी टेकावीच लागते असं नाही, फार जवळ गेली तरी पुरे. काठी आडवीच न्या, आडवीच चढवा.

गच्चीवर पोचली तरी काय झालं? स्लॅब दिवसभर तापून रात्री खालून भाजतो. दोऱ्या काढून मी काठीत नुसती सुतळी ठेवली होती. कपडे वाळत घालायची निळी प्लास्टिकची दोरी जूनमध्ये कशी होते ते नागपूरकरांना सांगायला नको. हातात घेतली की भुकटी. माझी आत घातलेली सुतळीही त्याच जातीची होती. काठीत होता तो भाग ठीक, बाहेर लोंबणारी दोन टोकं भुकटी. ओढायला गेलो तर टोक तुटलं आणि उरलेली सुतळी आत पडली. मग एक अख्खा रविवार काठी तिरपी धरून, दोऱ्याला सायकलच्या साखळीचा तुकडा बांधून आत सोडत बसलो. म्हणून उन्हात राहणार असेल तर पॉलिएस्टरची बारीक दोरी घाला, ती ऊन बरंच सोसते. आणि टोकं कापडात गुंडाळून सावलीत ठेवा.

त्याच वर्षी काठीचं वरचं टोक उघडं राहिलं. कुंभारीण माशीला असं भोक म्हणजे बांधून दिलेलं घर. पुलीच्या घरात तिनं मातीची अशी चिणाई केली की चाक फिरेना, आणि ती माती नखानं निघत नाही, भिजवून ब्रशनं काढावी लागते. दोन्ही तोंडांना मच्छरदाणीची जाळी दोऱ्यानं बांधा. जाळीच, पॉलिथिनची पिशवी नाही. दोऱ्या खारींच्या हाती लागू देऊ नका, त्यांना घरट्यासाठी त्या फार आवडतात.

मग गच्ची सोडून मी काठी अंबाझरी लेआउटमध्ये एका मित्राच्या गॅरेजमध्ये नेली. सावली, गार फरशी, सगळं उत्तम. फक्त फरशीवरच ठेवली. २०२३ च्या २२ सप्टेंबरची रात्र त्या भागातला माणूस विसरणार नाही. पहाटेपर्यंत अंबाझरी तलाव ओसंडला होता आणि गॅरेजमध्ये कमरेएवढं पाणी. मित्राचं जे गेलं त्यापुढे माझी काठी म्हणजे किस झाड की पत्ती, त्यामुळे तिची आठवण मला आठवडाभर झालीच नाही. उचलायला गेलो तर उचलेना. आत नाल्याचा गाळ भरून, वाळायला लागलेला. आम्ही दोघांनी तिचं एक टोक स्टुलावर ठेवलं आणि वरून पाण्याचा पाईप सोडला. पहिल्यांदा काळं, मग चहासारखं, मग पाच बादल्यांनी स्वच्छ. बुडाचं भोक पूर्ण बुजलं होतं, छत्रीच्या काडीनं मोकळं केलं. तो गाळ आत तसाच सुकला असता, तर अल्युमिनियमला आतून खात राहिला असता आणि मला दोन वर्षांनी कळलं असतं.

तेव्हा तुम्ही काठी भिंतीला छातीच्या उंचीवर टांगा. चार लाकडी ब्रॅकेट, एका सरळ रेषेत, त्यांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे. घराला पोर्च असेल तर पोर्चच्या छताखाली. बुडाकडची बाजू चार बोटं खाली ठेवा, म्हणजे आत ओल आली तरी वाहून जाईल. पण सगळे आधार त्याच उतारावर, नाहीतर मधे पोट धरेल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा जाऊन नुसता हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली की तिथं स्टीलचा स्क्रू किंवा रिबीट आहे असं समजा. तो स्क्रू काढून, झिंक क्रोमेटचं किंवा त्यासाठीचं खास लुकण लावून परत बसवायचा, कोरडा नाही. लुकण नागपुरात मिळालं नाही तर गोव्याहून होडी आणली तिथल्याच माणसाला फोन करा, ट्यूब कुरिअरनं येते.

तुमच्यातल्या एकानं पत्राच्या मागे वेगळ्या अक्षरात लिहिलंय, “काठी मोडते ती वादळात, ठेवण्याचा काय संबंध?” २०१८ मध्ये नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्यानं जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात होते, त्यांच्या ‘थुरिया’ या होडीची डोलकाठी गेली, पाठीला जबर मार बसला आणि फ्रेंच जहाजानं त्यांना सोडवलं, ते वादळच होतं. त्या लाटांसमोर कुठल्याच काठीचं काही चालत नाही. पण तलावात, वारा बरा असताना, काठी खाली येते तेव्हा मी आजवर जिथं जिथं बघितलंय तिथं कारण तार अडकवायची एक पिन निघालंय. बोटभर लांबीची. नाहीतर ती पिन निसटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन, जी मागच्या वर्षीचीच वाकवून पुन्हा घातलेली. स्प्लिट पिना दर मोसमात नव्या घ्या. तुम्ही चौघं एकदा समोशाला जेवढे देता तेवढ्यात मूठभर येतात.

प्रश्न: आमच्या शाळेच्या अडगळीत एका जुन्या सरावाच्या होडीची लाकडी डोलकाठी सापडली. व्हार्निश उडालंय, एक-दोन चिरा आहेत. फेकायची नाही. काय लावावं? आणि कोकणातले कोळी पूर्वीपासून काय करतात?
— एक शिक्षक, महाल

उत्तर: सर, फेकू नका, आणि घाईनं काही लावूही नका. आधी तिला एक महिना सावलीत, वाऱ्यावर, आडवी, चार आधारांवर ठेवा. मेच्या उन्हात अजिबात काढू नका, आहेत त्या चिरा बोटभर होतील. लांबीच्या दिशेनं गेलेल्या बारीक चिरांना घाबरायचं कारण नाही. आडवी चीर असेल, किंवा सुरीचं टोक सहज आत जात असेल, तर मात्र ती काठी भिंतीवर शोभेला.

जुनं व्हार्निश खरवडून काढल्यावर लाकडाला जवसाचं तेल द्या. आपल्याकडचं पीक आहे, इतवारीत मिळेल. रंगाच्या दुकानातून ‘डबल बॉइल्ड’ मागा, ते लवकर सुकतं. फडक्यानं पातळ हात, जास्तीचं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवस थांबायचं, पुन्हा. मग वरून उन्हाला टिकणारं व्हार्निश, पाच-सहा हात. टोकांना, जिथं लाकडाच्या शिरा उघड्या पडतात तिथं, जास्त. पाणी तिथूनच पितं.

एक गोष्ट मुलांसमोर करणार असाल तर ठळक सांगा. जवसाच्या तेलानं भिजलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. ते तेल सुकताना उष्णता सोडतं. गोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटतं. आपल्या उन्हाळ्यात तर फार वाट बघावी लागणार नाही. फडकी दोरीवर एकेक मोकळी वाळत घाला, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

कोळ्यांचं विचारलंत. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वाळूवर ओढतात आणि शाकारतात. घर शाकारतात तोच शब्द. वासे उभे करून वर झावळ्यांची झापं, आता बहुतेक ठिकाणी ताडपत्री. मालवणात एका तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) अंगणात मी बघितलं होतं: काठी ओटीच्या आढ्याखाली टांगलेली, दोर वेगळे काढून चुलीच्या वरच्या अंगाला, आणि शाकारलेल्या होडीला दोन्ही टोकांना मुद्दाम फट ठेवलेली, कुत्रं आत जाईल एवढी. मी विचारलं, पाऊस नाही जात का आत? तो म्हणाला, “जाता की. वारो पण जाता.”